पांढरा शिंपला

द्वारकाबाईनं पिंजऱ्याखालच्या पन्हाळीतून अंडं उचललं आणि तिचा अंगठा सरळ आत गेला. बलक मनगटावरून कोपरापर्यंत ओघळला. अंडं कसलं, नुसतं कातडं! तिनं दुसरं उचललं, तर ते पिकल्या लिंबासारखं दबलं. तिसऱ्याला कवच म्हणून नव्हतंच. बाराशे कोंबड्यांच्या त्या शेडात, दिवस उगवायला, बाई मटकन खाली बसली.

संक्रांत होऊन आठ दिवस झाले होते, साल सत्त्याण्णव. आधी रोज दहा-वीस अंडी पातळ कवचाची निघत होती, तिकडं तिनं काणाडोळा केला होता. थंडीत होतं असं कधीमधी, असं तिचा नवरा दादासो म्हणायचा. पण त्या सकाळी तीनशेच्या वर अंडी हाताला मऊ लागली. दादासो लुनावर ट्रे बांधून वालचंदनगरच्या कारखान्याच्या क्वार्टरमध्ये अंडी पोचवायचा. त्या दिवशी तो गेला तसाच परत आला. एका बाईनं त्याच्या देखत अंडं उचललं आणि कढईपर्यंत न्यायच्या आतच ते तिच्या बोटांतून गळालं, हे सांगताना गडी रडवेला झाला होता.

आता ही द्वारकाबाई कोण, ते नीट सांगायला हवं, कारण पुढं जे झालं ते सगळं हिच्या हातानं झालं. मेंढपाळाची लेक, मेंढपाळाची सून. माहेर बावड्याकडचं. सासऱ्यानं मेंढरं विकली, दादासोनं कळंबच्या वस्तीवर हे शेड घातलं, आणि लग्नानंतर चार-पाच वर्षांतच सगळा कारभार बाईच्या हातात आला. लहानपणी आईबरोबर बसून तिनं लोकर निवडली होती. पांढरी वेगळी, काळी वेगळी, कुसळं वेगळी. तो हात तिच्या अंगात मुरला होता. तांदूळ असो, शेंगा असोत, समोर ढीग पडला की निवडल्याशिवाय हिला चैन पडायचं नाही. आणि आपल्यासारखं निवडणारं पंचक्रोशीत कुणी नाही, ही घमेंड! ती होती, उगाच झाकून काय उपयोग?

कोंबडीला अंड्याचं कवच घडवायला चुना लागतो. तो तिला मिळतो शिंपल्यातून. आमच्या इंदापूर तालुक्यात समुद्र कुठला? तेव्हा तिकडं कोकणातून, समुद्राच्या तळाचा गाळ उपसून काढलेला शिंपला पोत्यांतून यायचा. तो भरडायचा आणि खाद्यात मिसळायचा. पोतं उघडलं की आत दोन तऱ्हेचा माल दिसे. एक पांढरा, स्वच्छ, हाताला खडूसारखा. दुसरा तपकिरी, काळपट, चिखलाचा वास मारणारा, पण पाणी लागलं की चकाकणारा. तीन वर्षं दोन्ही एकत्रच भरडले जात होते आणि कोंबड्या ठणठणीत होत्या.

पण दिवाळीत बाई नातलगाकडं बारामतीला गेली, तिथं एका मोठ्या शेडात तिनं शिंपल्याची रास बघितली. पांढरीशुभ्र रास. ती तिच्या डोळ्यांत सलली. ह्यांचा माल असा आणि आपला असा मळका? घरी आल्या आल्या तिनं पोती अंगणात ओतली, बैठक मारली आणि लोकर निवडावी तसा शिंपला निवडायला घेतला. पांढरा कोंबड्यांना, काळपट टाकून द्यायला. पांढरा भरडायलाही किती हलका! चक्कीत घातला की भुगा. दादासो म्हणाला, एवढा खटाटोप कशाला? त्यावर बाईनं त्याच्याकडं असं काही बघितलं की त्यानं पुन्हा तो विषय काढला नाही.

टाकायचा माल टाकायला जायची शकुबाई. साठीच्या घरातली, एकटी, नवरा जाऊन पंधरा वर्षं झालेली. शेड झाडणं, खाद्य घालणं, पाणी बघणं हे काम तिच्याकडं शेड उभं राहिल्यापासून होतं. द्वारकाबाई तिला मावशी म्हणायची. वस्तीवर शकुबाईचा एक वेगळाच मान होता. कुणी इंदापूरच्या बाजाराला निघालं, लग्नाला निघालं, की घराची किल्ली शकुबाईच्या ओच्यात. बाई खोटं बोलत नाही, दुसऱ्याच्या वस्तूला हात लावत नाही, हे सगळ्यांना पक्कं ठाऊक होतं. जवळ जमीन नव्हती, लेकरू नव्हतं, एक शेळी होती, चार गावठी कोंबड्या होत्या आणि हे नाव होतं. त्या नावावरच तिचं म्हातारपण उभं होतं.

मऊ अंडी निघाली तेव्हा पहिला संशय शिंपल्यावरच गेला होता, हे सांगितलं पाहिजे. दादासो निवडलेला थोडा माल घेऊन बारामतीला गेला आणि तपासून आला. कागदावर लिहून आलं होतं, शंभरात सदतीस भाग कॅल्शियम. एकदम चांगला माल. खाद्य चांगलं, पाणी चांगलं, कवच घट्ट व्हावं म्हणून औषधाची भुकटीही घातली जात होती. मग राहिलं काय? द्वारकाबाईचं डोकं भणाणून गेलं. दोन कोंबड्या पायांत बळ नसल्यासारख्या पिंजऱ्यातच बसल्या, त्या उठल्याच नाहीत.

अशात दादासोला ताप आला. शकुबाई घरून दोन गावठी अंडी घेऊन आली, म्हणाली, धन्याला उकडून घाल. द्वारकाबाईनं त्यातलं एक अंड्याच्या पोळीसाठी म्हणून तव्याच्या कडेवर आपटलं. फुटलं नाही. पुन्हा आपटलं. तेव्हा कुठं तडा गेला. बाई त्या कवचाकडं बघतच राहिली. जाड, टणक, आतून गुळगुळीत. आपल्याकडं बाराशे कोंबड्या औषधपाण्यावर, आणि त्यांची अंडी कातड्याची. हिच्या चार कोंबड्या उकिरड्यावर, आणि त्यांची अंडी अशी?

तिथंच ती ठिणगी पडली. औषधाच्या भुकटीचा डबा शकुबाईच्याच हातात असायचा. तीच मापानं भुकटी घालायची. ही घरी नेत असेल तर? आपल्या कोंबड्यांच्या तोंडचं काढून स्वतःच्या कोंबड्यांना घालत असेल तर? एकदा हे मनात आलं आणि मग सगळंच त्यात बसायला लागलं. ओटी फुगलेली दिसते ती कशानं? संध्याकाळी जाताना पाटी रिकामी कशी नसते? द्वारकाबाईनं दादासोला सांगितलं, तो नको नको म्हणत होता. मग तिनं शेजारणीला सांगितलं, आणि तिथून ते वस्तीभर व्हायला दुपारसुद्धा लागली नाही.

शकुबाईनं ऐकलं तेव्हा तिचा चेहरा पांढराफटक पडला. ती भांडली नाही, रडली नाही. बिरोबाच्या देवळात पूजा करणाऱ्या रामहरी आबांकडं गेली आणि म्हणाली, मी भंडारा उचलते, सगळ्यांना बोलवा. आमच्याकडं भंडारा उचलणं ही गंमत नाही. देवापुढची हळद मुठीत घ्यायची आणि खरं ते बोलायचं. खोटं बोललं तर देव बघून घेतो, आणि तो बघतो की नाही ह्यावर सगळ्या वस्तीचा डोळा असतो.

रविवारी सकाळी सगळे जमले. शकुबाईनं उजव्या मुठीत भंडारा घेतला. मूठ सगळ्यांना दिसेल अशी वर धरली.

"द्वारकाच्या शेडातलं कणभर काय म्या घरी न्हेलं न्हाय. न्हेलं आसंल तर देवानं मला दाखवावं."

वस्तीनं ऐकलं. द्वारकाबाईनंही ऐकलं, आणि आतून ती जरा हबकली, कारण त्या आवाजात खोट कुठं दिसेना. पण आता मागं कसं फिरणार? एवढं सगळं बोलून बसलेली बाई, ती मान खाली घालून घरी आली आणि मावशीला कामावर येऊ नको म्हणून निरोप पाठवला. डबा आता स्वतःच्या हातात घेतला. भुकटी दुप्पट घातली. अंडी मऊ ती मऊच.

नवव्या दिवशी शकुबाईची शेळी मेली. गाभण होती, सकाळी चरून आली, दुपारी फुगली आणि गेली. झालं! वस्तीला काय पाहिजे होतं? आठ दिवस जे गप्प होते ते आता बोलायला लागले. दाखवलं देवानं. तिच्या ओच्यातल्या किल्ल्या एकेकानं मागून घेतल्या, कुणी हसत, कुणी न बोलता. द्वारकाबाईला सुटल्यासारखं वाटलं, हे तिनं पुढं स्वतःच कबूल केलं. बघा, मी म्हणत होते ना! असं ती त्या दिवशी चार जणींना म्हणाली.

दुसऱ्या दिवशी दुपारी द्वारकाबाई अंगणात शिंपला निवडत बसली होती. फाटकातून शकुबाई आत आली. डोक्यावर पाटी. पाटी तिनं उंबऱ्याशी ठेवली आणि हात जोडून उभी राहिली. दहा दिवसांत बाई निम्मी झाली होती.

"माझं चुकलं, द्वारका. म्या न्हेलं हुतं. लई इचार केला, देवानं शेळी का न्हेली म्हून. मग ध्यानात आलं. तू टाकाय देत हुतीस, ते म्या वड्यात टाकलं न्हाय. घरी न्हेऊन कोंबड्यास्नी कुटून घातलं. शेडातलंच हुतं की ते."

पाटीत शिंपले होते. तपकिरी, काळपट, चकाकणारे. द्वारकाबाईनं महिनोन्‌महिने टाकून दिलेले.

आता खरं तर बाईच्या डोक्यात त्याच क्षणी उजेड पडायला हवा होता. पडलाही असेल. पण घमेंड ही अशी चीज आहे की उजेड आला तर आधी डोळे मिटून घेते. द्वारकाबाईला फक्त एवढंच कळलं की ही चोर निघाली, आपण खरे ठरलो. तिच्या तोंडून निघून गेलं, आणि तेही चढ्या आवाजात, शेजारच्या दोघी ऐकत असताना:

"म्हंजी भंडारा खोटा उचललास तू. हात झडंल तुझा."

असलं आपण रोज बोलतो. दूध सांडलं की बोलतो, पोरानं कप फोडला की बोलतो. शकुबाईनं आपल्या उजव्या हाताकडं एकदा बघितलं आणि पाटी तिथंच टाकून निघून गेली.

ती गेल्यावर द्वारकाबाई पुन्हा निवडायला बसली, पण हात चालेना. एकीकडं पांढरी रास, दुसरीकडं ती पाटी. पांढरं खाणाऱ्या कोंबड्यांची अंडी मऊ, काळं खाणाऱ्यांची टणक. तिनं मान झटकली. असं कसं होईल? शंभरात सदतीस आहे कॅल्शियम, कागद आहे घरात! तरी तिला राहवेना. रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही. सकाळी तिनं दोन पिशव्या भरल्या, एकीत पांढरा माल, एकीत काळा, आणि पहिल्या एसटीनं बारामती गाठली.

तिथं कॉलेजात मानसिंग म्हणून दादासोचा शाळासोबती शिकवायचा. दगडमातीचं शास्त्र शिकवणारा. नोकरी लागण्याआधी ह्या माणसानं तीन वर्षं जहाजावर काढली होती, समुद्राच्या तळाचा चिखल काढायचा आणि त्यातले शिंपले तपासायचे, हे त्याचं काम. द्वारकाबाई त्याला भावजी म्हणायची. पिशव्या टेबलावर ओतून तिनं विचारलं, ह्यात वाईट कुठला आणि चांगला कुठला, ते सांगा. उत्तर तिला ठाऊक होतं. तिला फक्त त्याच्या तोंडून ऐकायचं होतं.

मानसिंगनं पांढरा एक शिंपला उचलला आणि बोलता बोलता जिभेला लावला. हात काढून घेतला, तर शिंपला जिभेला लटकून राहिला! मग त्यानं काळा लावला. तो टपकन खाली पडला. त्यानं पांढरा बोटांत धरून दाबला, त्याचा चुरा झाला. काळ्यावर पेपरवेट मारला, तेव्हा कुठं त्याचे दोन तुकडे झाले, आणि आतली बाजू मोत्यागत चमकली.

"वहिनी, हा काळा परवा-परवा मेलेला आहे. आणि हा पांढरा कधीच खाऊन टाकलेला आहे."

कुणी खाल्ला, असं बाईनं विचारलं.

मग मानसिंगनं जे सांगितलं ते बाईला पुढं जन्मभर पाठ राहिलं. शिंपला म्हणजे नुसता चुना नाही. चुन्याचे बारीक बारीक थर, आणि दोन थरांच्या मध्ये पातळ कातडीसारखं काहीतरी, जे त्यांना धरून ठेवतं. आतला जीव मरतो, शिंपला तळाच्या चिखलात गाडला जातो. त्या चिखलात वारा नाही, उजेड नाही, पण जिवाणू अगणित. डोळ्यांना न दिसणारे. ते ती मधली कातडी खातात. वर्षानुवर्षं खातात. कातडी गेली की थर सुटे होतात, सगळीकडं भोकं पडतात, ती ओल शोषतात, म्हणून असा शिंपला जिभेला चिकटतो. कुठं जुना चुना विरघळतो, कुठं जिवाणूंच्या करणीनं भोकांत नवा चुना बसतो. आकार तोच राहतो, रंग उतरतो, चमक जाते. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, वा, किती स्वच्छ! पांढरा शिंपला म्हणजे दरवेळी असाच असतो असं नाही, पण हा तसाच आहे. त्यानं सूक्ष्मदर्शकाखाली तिला तो दाखवलासुद्धा. बाईनं एक डोळा मिटून बघितलं आणि झटक्यात मागं सरली. वाळवीनं खाल्लेलं लाकूड होतं आत.

"पण कॅल्शियम तर बरोबर आलं," ती म्हणाली. कागद तिनं बरोबर आणला होता.

येणारच, मानसिंग म्हणाला. चुना कुठं गेलाय? धरून ठेवणारं गेलंय. कोंबडी कवच घडवते ते बहुतेक रात्री. दिवसा खाल्लेल्या शिंपल्याचे टणक खडे तिच्या पोटात राहतात आणि रात्रभर थोडे थोडे विरघळत तिला चुना देतात. ह्या पांढऱ्याचा चक्कीतच भुगा होतो, तो संध्याकाळपर्यंत विरघळून जातो. रात्री कोंबडीच्या पोटात काही उरतच नाही. मग ती आपल्या हाडांतलं काढून घालते, म्हणून पायांनी बसतात त्या.

एवढं सांगून तो जरा हसला, पण ते हसू काही खरं नव्हतं. म्हणाला, ह्या पांढऱ्यानं मलाही फसवलंय. पूर्वीचा समुद्र किती ऊन होता, किती गार होता, हे शिंपल्यावरून कळतं. दोन वर्षं मी ते वाचत होतो. मग लक्षात आलं की मी वाचत होतो ते समुद्राचं नव्हतंच. मेल्यानंतर चिखलात जे झालं, ते मी त्याच्या जिवंतपणीचं म्हणून वाचत होतो. दोन वर्षांचं काम फाडून टाकलं.

शेवटी त्यानं विचारलं की निवडायला कधीपासून लागलात. दिवाळीपासून, असं बाईनं सांगितलं. आणि टाकलेल्या मालाचं काय केलं, असंही त्यानं सहज विचारलं. द्वारकाबाईनं पिशव्या आवरायला घेतल्या. तीन महिने, रोज, बैठक मारून, ह्या दोन हातांनी तिनं चांगलं ते टाकलं होतं आणि खाऊन पोकळ झालेलं ते कोंबड्यांपुढं घातलं होतं. आणि चोर कोण? ती म्हातारी! जिनं टाकलेलं उचललं ती!

एसटीत ती खिडकीशी बसली होती, पण रस्ता काही तिला दिसला नाही. मनात एकच चाललं होतं, गेल्या गेल्या मावशीचे पाय धरायचे. सगळ्यांपुढं सांगायचं. नाक घासायला लागलं तरी घासायचं. मान परत द्यायचा तिचा. अजून काही बिघडलेलं नाही, असं ती स्वतःला सारखं समजावत होती.

दुपारी तीनच्या सुमाराला ती वस्तीवर उतरली आणि घरी न जाता सरळ शकुबाईच्या खोपटाकडं गेली. दारासमोर दहा-पंधरा माणसं उभी होती. रामहरी आबाही होते. द्वारकाबाईला बघून सगळे बाजूला झाले, आणि एकीनं हलक्या आवाजात म्हटलं, जा, बघ जा, देवानं काय केलं ते.

आत शकुबाई भिंतीला टेकून बसली होती. उजवा हात पदराखाली. द्वारकाबाई तिच्यापुढं खाली बसली आणि एका दमात सगळं बोलून गेली. शिंपल्याचं, जिवाणूंचं, रात्रीच्या कवचाचं, आपल्या निवडण्याचं. शकुबाई ऐकत होती. किती कळलं देव जाणे. शेवटी ती म्हणाली, "मग शेळी कशानं मेली?"

"शेळी तिच्या मरणानं मेली, मावशी. कवळा लसूणघास खाऊन फुगली आसंल. देवाचा काय संबंध न्हाय त्यात. तू खरं बोललीस. टाकलेलं ते आमचं ऱ्हायलंच न्हवतं."

म्हणत तिनं माफी मागायला म्हणून म्हातारीचा हात पदराबाहेर ओढला. आणि किंचाळली.

तळवा सोललेला होता. बोटं सुजून एकमेकांना चिकटली होती. कुणीतरी वर हळद आणि तेल फासलं होतं, त्यातून कच्चं मांस दिसत होतं. तव्याची कड उमटली होती मनगटापाशी, गोल, स्पष्ट.

शकुबाईनं हात पुन्हा पदराखाली घेतला. दाराकडं बघून, फक्त द्वारकाबाईला ऐकू जाईल एवढ्या आवाजात ती म्हणाली, "तू म्हणालीस झडंल म्हून. आता देव कवा काय करंल ह्याची वाट बघत बसायचं भ्या वाटाय लागलं. म्हून काल दिवेलागणीला म्याच तव्यावर ठेवला. एकदाचं फिटलं."

द्वारकाबाई तशीच बसून राहिली. रडूसुद्धा येईना. हे आपल्या एका वाक्यानं झालं. एका वाक्यानं! मग ती उठली, शकुबाईच्या डाव्या दंडाला धरून तिला उठवलं आणि दारात आणलं.

दारात उभं राहून ती बोलली. चूक माझी, शिंपला मी चुकीचा निवडला, अंडी माझ्यामुळं मऊ झाली, मावशीनं काही चोरलं नाही, तिनं भंडारा खरा उचलला होता. बारामतीच्या सरांनी दाखवून दिलंय, कुणाला खात्री करायची असेल तर या आणि शिंपला जिभेला लावून बघा. माणसं एकमेकांकडं बघत होती. मग रामहरी आबा शांतपणे, समजुतीच्या सुरात म्हणाले:

"तुझं मन मोठं हाय, पोरी. म्हातारीवर पांघरूण घालतीयास. पर खरी आसती, तर हात कशानं जळला आसता?"

मागं माना हलल्या. सगळ्यांनी आज सकाळपासून तो हात बघितला होता. शकुबाईनं कुणाला काही सांगितलं नव्हतं, आणि कुणी विचारलंही नव्हतं. विचारायचं काय त्यात? भंडारा घेतलेला हात जळला होता. ह्यापेक्षा लख्ख पुरावा कसला हवा? द्वारकाबाईला कळून चुकलं की आता जिवाणू सांगून, कागद दाखवून, नाक घासून काही होणार नाही. हिनं स्वतःच भाजून घेतला असं सांगितलं तर म्हणतील, खोटी होती म्हणूनच भाजून घेतला. म्हातारी मरेपर्यंत तो हात तिच्या विरुद्ध साक्ष देत राहणार. आणि मेल्यावरही.

तिनं म्हातारीचा दंड धरूनच ठेवला.

"हात म्या जाळला," ती म्हणाली.

कुणाला काही समजेना. तेव्हा ती मोठ्यानं, एकेक शब्द सुटा करून बोलली. "काल दिवेलागणीला म्या आले हितं. शिंपले परत आणून दिलं त्याचा राग आला हुता. तवा तापला हुता. म्या हिचा हात धरला आन्‌ दाबला त्याच्यावर. देवानं काय केलं न्हाय. म्या केलं."

एक बाई तोंडावर पदर धरून मागं सरली. कुणीतरी आपल्या पोराला जवळ ओढून घेतलं. ज्या बाईशी काल रस्त्यात सगळे थांबून बोलत होते, तिच्याकडं आता एकही माणूस सरळ बघत नव्हतं. शेवटी आबांनीच म्हातारीकडं बघून विचारलं, "खरं हाय का गं हे?"

शकुबाईनं तोंड उघडलं. द्वारकाबाईनं तिचा दंड घट्ट दाबला, इतका की बोटं रुतली. शकुबाईनं वळून तिच्याकडं बघितलं, बराच वेळ बघितलं. आणि जन्मात कधी दुसऱ्याच्या खोट्याला मान न हलवलेली म्हातारी, मान खाली घालून, गप्प राहिली.